पाइपातलं पाणी

त्या उन्हाळ्यात सगळ्या गावात रोज चिंब भिजून घरी येणारा एकच माणूस होता, तो म्हणजे पंपमिस्त्री. विहिरी तळाला गेल्या होत्या, नळाला दोन दिवसांआड करंगळीएवढी धार येत होती, बायका घागरींची रांग लावून सावलीत डुलक्या घेत होत्या, आणि हा गृहस्थ भर दुपारी ओलाकच्च होऊन दारात उभा राहायचा. बायको त्याचा शर्ट दाराशेजारच्या रोपावर पिळायची. रोप चांगलं तरारलं होतं.

"सगळ्या मुलखाला प्यायला पाणी नाही, आणि आमच्याकडे दिवसातून दोन आंघोळी," ती म्हणायची.

"धंदाच पाण्याचा आहे," मिस्त्री म्हणायचा आणि कोरडा शर्ट घालून पुन्हा निघायचा.

धंदा म्हणजे बोअरमधले पंप काढण्या-उतरवण्याचा. पाणी खाली गेलं की लोकांना पंप आणखी खाली सोडायचा असतो, आणि कोरडा चालून मोटर जळली की वर काढायचा असतो. वीस-वीस फुटी लोखंडी पाइप एकाला एक आटे देऊन जोडलेले, त्यांच्या टोकाला पंप. बोअरवर तिपाई उभी करायची, माळेसारखं ते सगळं वर ओढायचं आणि एकेक पाइप सोडवायचा. सांधा सुटला की पाइपातलं पाणी भसकन अंगावर येतं. त्याचं त्या घरात कुणाला नवल नव्हतं.

नवल होतं ते मिस्त्रीच्या मुलीचं. ती दहावीत होती आणि तिला भौतिकशास्त्र आवडायचं. आवडायचं म्हणजे काय, लागलंच होतं ते तिला. दार बिजागरीजवळ ढकललं तर जड का लागतं, कुकरच्या शिट्टीचं वजन किती, काकाची मोटरसायकल वळणावर तिरकी का होते, असलं काहीबाही ती विचारत बसायची. मिस्त्री स्वतः आठवीतून उठून बापाच्या मागे बोअरवर गेलेला माणूस. त्याला उत्तरं यायची नाहीत, पण प्रश्न ऐकून तो खूश व्हायचा. पोरीला त्यानं नावच 'इंजिनियर' ठेवलं होतं. इंजिनियर, चहा आण. इंजिनियर, पान्याची पिशवी कुठे ठेवली?

त्या वर्षी विज्ञानाच्या बाईंनी वर्गाला एक काम दिलं होतं. घरात जो धंदा चालतो, त्यात भौतिकशास्त्र कुठे आहे ते शोधायचं, मापायचं आणि वहीत मांडायचं. शिंप्याच्या पोरानं शिवणयंत्राचं चाक घेतलं. बेकरीवाल्याच्या मुलीनं भट्टीची उष्णता घेतली. बाईंनी फळ्यावर कामांची नावं लिहून दाखवली होती: लिफ्ट बसवणारा, दवाखान्यात एक्स-रे काढणारी, पूल तपासणारा, जमिनीखालचं पाणी मोजणारी. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी क्रेन तपासायची. तिनं कागदावर सही केल्याशिवाय बंदरात एकही क्रेन हलत नसे, असं बाई म्हणाल्या.

ही सहीची गोष्ट मुलीच्या डोक्यात बसली. आपण सही करायची आणि मग टनांनी वजन हवेत उचललं जायचं. घरी येऊन तिनं आईला ते तीनदा सांगितलं.

"सही करायला एवढं शिकावं लागतं?" आई म्हणाली.

"चुकीची सही केली तर माणूस मरतो आई."

"मग नको करू बाई," आई म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

महिन्याअखेर शाळेत एक फॉर्म भरायचा होता. पुढच्या वर्षापासून विज्ञान घ्यायचं की नाही, ते त्यात ठरणार होतं. एकदा नाही म्हटलं की परत त्या वाटेला येता येत नव्हतं. मुलीनं फॉर्म आणून वहीत ठेवला होता आणि विज्ञानापुढच्या चौकोनात खूण करायची शाई सुद्धा मनात ठरवली होती. घरात आडवा येणारा एकच माणूस होता, तो म्हणजे काका. काका म्हणजे मिस्त्रीचा धाकटा भाऊ आणि धंद्यातला भागीदार. कामाला वाघ, तोंडाला कडू.

"दादा, विज्ञान घेऊन ती काय करणार? पंप काढणार?"

"क्रेन तपासणार," मिस्त्री म्हणाला.

"गावात क्रेन आहे कुठे?"

"गावाबाहेर आहे ना," मिस्त्री म्हणाला. काका उठून थुंकून आला.

मुलीनं वहीसाठी अर्थातच तिपाई आणि कप्पी घेतली होती. एक रविवार तिनं अख्ख्या घराला कामाला लावलं. अंगणात तिपाई उभी केली. कोपऱ्यात सिमेंटच्या पोत्यांची थप्पी होती, त्यातली पोती काकाकडून आणवली. पन्नास किलोचं एक, अशी एकेक करून जुन्या दोरीला टांगत गेली. दोरी वापरून करडी झालेली, पण तंतू धड होते. चार पोती झाली, दोनशे किलो. दोरी ताणून तारेसारखी झाली. पाचवं लावायला काकानं नकार दिला.

"माझी कंबर म्हणजे तुझी प्रयोगशाळा नाही," तो म्हणाला.

चार पोती चहा होईपर्यंत तशीच लटकत राहिली. दोरी तुटली नाही. मुलीनं वहीत लिहिलं: दोरी दोनशे किलो पेलते. मग तिनं बापाला फिरती कप्पी समजावून सांगितली. ओझं कप्पीला टांगलं आणि दोरीचं एक टोक वर बांधलं की वजन दोरीच्या दोन बाजूंनी वाटून घेतलं जातं, एका बाजूला निम्मंच येतं. मिस्त्री वीस वर्षं असंच काम करत होता, पण ते निम्मं असतं हे त्यानं पहिल्यांदाच ऐकलं.

"बरोबर निम्मं?"

"बरोबर निम्मं. कप्पीचं घर्षण सोडून."

"हाताला तसंच लागायचं," तो म्हणाला. त्या संध्याकाळी तो फार खुशीत होता.

पुढच्या आठवड्यात गोठेवाल्याची मोटर जळली.

गोठेवाल्याकडे साठ जनावरं होती आणि पाण्याचा तो एकच बोअर. सकाळी सहाला तो मिस्त्रीच्या दारात आला. जनावरं ओरडताहेत, टाकीत दुपारपुरतं पाणी आहे, आत्ताच्या आत्ता चला. मिस्त्रीची पंचाईत अशी होती की लोखंडी साखळीची मोठी चेनपुली आणि दोन्ही गडी घेऊन काका दूरच्या एका कामाला गेला होता. तो उद्या येणार होता. घरात उरली होती तिपाई, कप्पी, हातानं फिरवायचं विंच आणि ती जुनी दोरी.

"उद्या सकाळी पहिलं काम तुमचं," मिस्त्री म्हणाला.

"उद्यापर्यंत गाई तुमच्या अंगणात आणून बांधू का?"

मुलगी दप्तर भरत होती. ती वही घेऊनच बाहेर आली. "किती पाइप आहेत तुमच्या बोअरला?"

"दहा. दोन इंची," गोठेवाल्याऐवजी मिस्त्रीनंच सांगितलं. त्यानंच उतरवले होते.

मुलीनं उंबऱ्यावर बसून मांडलं. एक पाइप एकतीस किलो, दहांचे तीनशे दहा. पंप आणि मोटर पंचेचाळीस. एकूण तीनशे पंचावन्न. फिरत्या कप्पीनं निम्मं, म्हणजे एकशे अठ्ठ्याहत्तर धरा. दोरी दोनशे पेलते. तिनं वही बापापुढे धरली. "निघेल बाबा. घर्षण धरलं तरी निघेल."

गोठेवाल्यानं वहीकडे पाहिलं, मग पोरीच्या वेणीकडे. "मिस्त्री, पोरीच्या वहीवर माझा बोअर सोडता का?"

मिस्त्रीला ते लागलं. एरवी तो गिऱ्हाइकाशी वाद घालणारा नव्हता. "तिची वही म्हणजे माझा शब्द समजा," तो म्हणाला. "इंजिनियर, शाळा उद्या. चल."

मुलीनं दप्तर खुंटीला अडकवलं. आनंदाच्या भरात तिनं चपला उलट्या पायांत घातल्या. बंदरातल्या त्या बाईला सही करताना असंच होत असेल, असं तिला वाटलं.

गोठ्यामागे बोअर होता. ऊन आताच चटके देऊ लागलं होतं. शेणाचा वास, माश्या, आणि रिकाम्या हौदाच्या तळाला जिभा लावणाऱ्या गाई. तिपाई उभी राहिली. गोठेवाल्याचे दोन गडी विंचच्या दांड्याला धरून उभे राहिले. मुलगी कप्पीतून दोरी नीट बसली का ते पाहत होती. मिस्त्रीनं पान्यानं पाइपच्या तोंडावरचा वाकडा जोड सोडवला, तसं थोडं पाणी उसळून त्याच्या पायावर सांडलं.

"अरे, आहे की पाणी!" एक गडी म्हणाला आणि दुसरा हसला. मुलगीही हसली.

मिस्त्री हसला नाही. त्यानं पाइपच्या तोंडात उजव्या हाताचं पहिलं बोट घातलं, बाहेर काढून पाहिलं आणि पॅंटला पुसलं. मग तो मान वर करून दोरीकडे बघत राहिला. तिथून त्याची नजर पोरीकडे गेली. वही तिनं छातीशी धरली होती.

"काय झालं? नाही जमत?" गोठेवाला म्हणाला.

"जमतं," मिस्त्री म्हणाला. त्यानं पाइपला क्लॅम्प आवळला, आकडा अडकवला. "घ्या."

गड्यांनी दांडा फिरवला. दोरी ताठ झाली, कुरकुरली, आणि पाइप हलला. एक फूट. दोन फूट. गड्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या. "जड आहे मिस्त्री," त्यातला एक म्हणाला. मिस्त्री दुसरा क्लॅम्प हातात घेऊन बोअरच्या तोंडाशी वाकला होता. पुरेसा वर आला की खालून क्लॅम्प लावायचा, म्हणजे सगळं वजन तो पेलतो. पाच फूट. सहा. मुलगी दोरीकडे बघत होती. कप्पीजवळ एक तंतू सुटून उभा राहिला. तिला काय दिसतंय ते कळायला वेळ लागला, आणि ती "बाबा" म्हणेपर्यंत दोरी तुटली.

आवाज फारसा मोठा झाला नाही. सगळी माळ खाली गेली आणि वरचा क्लॅम्प बोअरच्या काठावर आपटून अडकला. काठावर मिस्त्रीचा हात होता.

तो ओरडला नाही. त्यानं फक्त "काढा, काढा" असं दोनदा म्हटलं, अगदी कामाच्या आवाजात. पहार घालून क्लॅम्प उचलेपर्यंत त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याशेजारची. डॉक्टर म्हणाले, तिसरं वाचलं हे नशीब. मिस्त्रीच्या धंद्यात तीच दोन बोटं डोळ्याचं काम करतात. पाइपचा आटा सरळ बसतोय की तिरका, हे दिसत नाही, बोटांच्या टोकांना कळतं. दवाखान्याच्या बाकावर बसून आईनं एकच गोष्ट विचारली, पाना धरता येईल का? डॉक्टरांनी पाना म्हणजे काय ते आधी विचारलं.

काका दुसऱ्या दिवशी आला. भावाचा हात बघून बाहेर अंगणात गेला आणि तिथूनच बोलला, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"एक दिवस थांबता येत नव्हतं? साठ गाई मेल्या असत्या? वहीवर कामं व्हायला लागली तर आम्ही काय हात चोळत बसायचं?"

"हळू बोला भावजी," आई म्हणाली.

"का हळू? बोटं काय हळू गेली?"

मुलगी आत भांडी घासत होती. तिनं एक ताटली तीनदा घासली. तिला वाटलं, बाबा काहीतरी बोलतील. तिला शिव्या देतील, नाहीतर काकाला गप्प करतील. मिस्त्री खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

शाळेत तिनं वही बाईंच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "माझं काम नाही झालं. शून्य द्या."

बाईंना बातमी कळली होती. त्यांनी वही उघडून बेरीज बोटानं खालीवर तपासली. मग त्या म्हणाल्या, "दोरी दोनशे पेलते म्हटल्यावर तिच्यावर किती टांगायचं असतं?"

"दोनशेपेक्षा कमी."

"चाळीस. पाचवा हिस्सा. जुनी असेल तर त्याहून कमी."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. "हे पुस्तकात नाही बाई."

"पुढच्या वर्षीच्या पुस्तकात आहे," बाई म्हणाल्या आणि खाली बघू लागल्या. "तुमच्या वह्या मी आधी बघायला हव्या होत्या. मला वाटलं, वही म्हणजे वहीच." मग त्यांनी फॉर्मची आठवण करून दिली. शुक्रवार शेवटचा दिवस होता.

"मी विज्ञान घेत नाही," मुलगी म्हणाली.

गोठेवाल्याचा पंप तसाच लटकलेला होता, गाई विकतच्या टँकरवर होत्या. काकाला तो काढणं भाग होतं, आणि एक गडी आजारी पडला म्हणून हाताखाली माणूस कमी पडत होता. मुलगी न विचारता त्याच्या मागे निघाली. काकानं मोटरसायकल थांबवली, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "वही आणलीस तर उतरवून देईन." तिनं हात रिकामे असल्याचं दाखवलं.

या वेळी चेनपुली होती. साखळी खडखडत चालली, पाइप निमूट वर आला. काकानं खालून क्लॅम्प लावला, सांध्यावर पाना बसवला आणि झटका दिला. सांधा सुटला आणि पाइपातलं पाणी भसकन त्याच्या अंगावर आलं. डोक्यापासून पायापर्यंत भिजला. त्यानं शिवी हासडली, तोंड पुसलं आणि दुसऱ्या पाइपला लागला. पुन्हा तेच. गाई दावणीला हिसडे देत होत्या, जमिनीवरून ओहोळ चालले होते, आणि मुलगी हातात पाना घेऊन तशीच उभी होती.

"काका," ती म्हणाली, "पाइप भरलेले असतात?"

"मग काय रिकामे? खाली झडप असते ना. चढलेलं पाणी खाली येऊ देत नाही."

"दरवेळी?"

"तुझा बाप रोज भिजून येतो तो काय नदीवर जातो का?"

लहानपणापासून तिनं ते ओले शर्ट पाहिले होते. आईनं पिळलेलं पाणी, तरारलेलं रोप, रोजची तीच थट्टा. सगळं डोळ्यांसमोर होतं आणि वहीत त्याची एक ओळ नव्हती. काकाला सांगून तिनं एक पाइप बादलीवर सोडवून घेतला आणि पाणी मापलं. तेरा लिटर. काका कुरकुरला, पण बादली त्यानंच धरली.

"हा बोअर आधी एवढा जड नव्हता," परत येताना तो म्हणाला. तिच्याशी बोलत नसल्यासारखं, रस्त्याला सांगितल्यासारखं. "दोन वर्षांमागे त्याच दोरीनं काढला होता आम्ही. हलका आला होता."

"तेव्हा पाणी किती खोल होतं?"

"असेल साठ-सत्तर फूट."

घरापर्यंत तिला त्याचंही उत्तर मिळालं. घागर विहिरीत बुडलेली असताना हलकी लागते आणि पाण्याबाहेर आली की जड होते. पाइपाभोवती पाणी होतं तोवर आतल्या पाण्याचं वजन बाहेरच्या पाण्यानं पेललेलं होतं. या उन्हाळ्यात बाहेरचं पाणी तळाला गेलं आणि आतलं सगळं दोरीवर आलं. उत्तर सापडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा उत्तर सापडल्याचा तिला आनंद झाला नाही.

मिस्त्री अंगणात बसून डाव्या हातानं जेवत होता. निम्मं सांडत होतं. मुलीला बघून त्यानं ताट बाजूला सारलं. त्याला कुणी जेवताना बघितलेलं आता चालत नसे.

ती समोर बसली. जमिनीवरच काडीनं आकडे काढले. तेरा दाहे एकशे तीस. तीनशे पंचावन्न आणि एकशे तीस, चारशे पंच्याऐंशी. त्याचं निम्मं दोनशे त्रेचाळीस.

"मी पाणी धरलंच नव्हतं बाबा. मी तुमची बोटं घालवली."

मिस्त्री आकड्यांकडे बघत होता. त्याला बेरीज येत होती, ती त्यानं मनात करून पाहिली.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"पाणी. बोट घातलं तेव्हा तोंडापर्यंत होतं. गोठेवाल्याच्या बोअरचं पाणी खाली गेलंय हेही माहीत होतं. दोरी चालायची नाही असं मनात आलं."

स्वयंपाकघरातला आवाज थांबला. आई दारात येऊन उभी राहिली.

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तू धरलं असशील. पुस्तकात असेल ते. एवढं मोठं पुस्तक, त्यात पाण्याचा विचार नसेल होय?" त्यानं बांधलेला हात मांडीवर घेतला. "विचारणार होतो. ओठावर आलं होतं. पण गोठेवाला समोर उभा होता. तुझी वही म्हणजे माझा शब्द म्हणून बसलो होतो. आता विचारावं, तर बापाला काही कळत नाही असं दिसणार, नाहीतर पोरीला. म्हटलं, जाऊ दे. इंजिनियर मांडते आहे तर ठीकच असेल."

मुलीला वाटलं होतं, चूक कबूल केली की रडू येईल. आला तो राग. तिनं काडी फेकून दिली.

"मला वाटलं तुम्हाला सगळं ठाऊक आहे! काही राहिलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं, असं धरूनच मी मांडलं. वीस वर्षं तुम्ही भिजताय बाबा, मी चार महिने पुस्तक वाचतेय. गोठेवाला हसला असता तर हसला असता! चुकलेलं मी खोडलं असतं. वहीत किती खोडाखोड असते बघा एकदा. बोट कसं खोडायचं?"

इतकं मोठ्यानं ती बापाशी कधी बोलली नव्हती. मिस्त्रीची मान खाली गेली होती. काका फाटकाशी ओला शर्ट काढत उभा होता, तोही तसाच राहिला.

"खरं आहे," मिस्त्री म्हणाला. "विचारायला पाहिजे होतं."

त्यानंतरचे दोन दिवस असेच गेले. मुलगी शाळेत गेली, आली. फॉर्म वहीत होता आणि वही फळीवर होती. मिस्त्री अंगणात एक जुना पाइप घेऊन बसायचा आणि डाव्या हाताच्या बोटांनी आटा चाचपून बघायचा. तिरका बसवायचा, काढायचा, पुन्हा बसवायचा. घाम यायचा त्याला.

शुक्रवारी सकाळी त्यानं धुतलेला शर्ट घातला. बटणं आईनं लावून दिली. फळीवरून वही काढून त्यानं मुलीपुढे धरली.

"यातला कागद काढ. खूण कर."

"मी नाही घेणार विज्ञान."

"अर्धंच शिकलीस म्हणून हे झालं. आता अर्ध्यावर सोडणार?" तो म्हणाला. "बाई घरी येऊन गेल्या काल, तू नव्हतीस. पाचपटीचं पुढच्या वर्षी आहे म्हणाल्या. ते मला पाहिजे. काकाच्या चेनपुलीला किती टांगायचं, तेही कुणी कधी मोजलेलं नाही."

काका बाजूला दात घासत होता. "माझ्या चेनपुलीचं नाव काढू नका," तो म्हणाला. पण तो एवढंच म्हणाला.

मुलीनं वहीतून फॉर्म काढला. मग खूण केली. मनात ठरवलेल्या शाईनं नाही, हाताला लागलेल्या पेन्सिलीनं. मिस्त्रीनं ती पेनानं गिरवायला लावली.

शाळेच्या कचेरीत रांग होती. पालकांची सही समोर होणं जरुरीचं होतं. कारकुनानं मिस्त्रीच्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं आणि शाईची डबी पुढे सरकवली.

"अंगठा द्या. डावा चालेल."

"सही येते मला," मिस्त्री म्हणाला.

"लोक थांबलेत मागे."

"थांबतील."

त्यानं पेन डाव्या मुठीत धरलं. कागद सरकत होता, तो मुलीनं दोन्ही हातांनी दाबून धरला. पहिलं अक्षर रेघेखाली गेलं. दुसरं उलटं झालं, त्यानं ते खोडलं आणि शेजारी पुन्हा काढलं. मागे कुणीतरी च्यक् केलं. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. मुलीला वाटलं, हात धरून सही उमटवावी, पण तिनं फक्त कागद धरून ठेवला. सही झाली. तिसरीतल्या पोराची असते तशी होती.

"खाडाखोड आहे," कारकून म्हणाला.

"चुकलं होतं, म्हणून खोडलं," मिस्त्री म्हणाला.

कारकुनानं खांदे उडवले आणि शिक्का मारला.

बाहेर ऊन कडक होतं. दोघं भिंतीच्या सावलीनं चालू लागली. उद्या नवीन काम होतं, चौदा पाइपांचं. काका सकाळी बोलावणार होता, आटे बघायला मिस्त्री आणि वजन मांडायला मुलगी, असं त्यानं आईला सांगितलं होतं, थेट यांना नव्हे.

"मी चुकले तर?" मुलगी म्हणाली.

"सगळ्यांसमोर सांगेन."

"गोठेवाला असला तरी?"

"तो असला तर जरा मोठ्यानं सांगेन," मिस्त्री म्हणाला. "आणि मला कळलं नाही, तर तेही सगळ्यांसमोर विचारेन. मग लाजायचं नाही हां, माझा बाप अडाणी म्हणून."

तिनं त्याचा बांधलेला हात नको म्हणून दुसऱ्या बाजूला जाऊन डावा धरला. लहान असतानाच कधीतरी धरला होता, त्यानंतर आजच. घरी पोचेपर्यंत तिनं तो सोडला नाही.